‘एआय आलं, आता पाठांतर कशाला?’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. पालकांच्या, गल्लीच्या, माहेरच्या आणि भिशीच्या. मथळा असा, ‘एआयच्या युगात मूल वाढवताय? हे पाच बदल आजच करा.’ ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाठांतर बंद करा, मोबाइल सगळं सांगतो. सहाव्या वर्षी कोडिंग सुरू करा. खेळ, चित्रकला, गाणं यांत वेळ घालवू नका. शिक्षकाची गरज संपली, एआय प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिकवतं. आणि मुलांना उत्तरं नकोत, फक्त प्रश्न विचारायला शिकवा. शेवटी ‘शाहू महाराज आज असते तर त्यांनीही प्रत्येक मुलाच्या हातात एआय दिलं असतं’ आणि खाली जोडलेले हात.

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत पाचवी ते आठवीच्या शिकवण्या घेते, बावीस वर्षं झाली. एआयशी माझं वैर नाही. अपूर्णांक पाचव्यांदा समजावताना माझा आवाज चढतो, त्याचा चढत नाही, हे मी मान्य करते. ज्या पोराला शिकवणी परवडत नाही, त्याला तर ते मोठाच आधार आहे. पण या मेसेजवर गप्प बसवेना.

आधी पाठांतराचं. मागच्या महिन्यात सहावीच्या एका मुलीनं गणिताचा फोटो काढून मोबाइलमधल्या एआयला घातला. एका एकरात ४० टन ऊस, टनाला ३४०० रुपये दर, तर बिल किती? तिनं वहीत लिहिलं होतं ४०.०. फोटोत टिंब हुकलं आणि उत्तर आलं १३ लाख ६० हजार. तिनं ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं, खाली दोन रेघा मारल्या. घरी चार एकर ऊस आहे हो तिच्या! म्हटलं, एकरात चारशे टन निघाला तर तुझे बाबा मोटरसायकलवरून येतील का तुला न्यायला? मग ती हसली आणि खोडरबर शोधायला लागली.

मशीननं त्याच्या परीनं गुणाकार बरोबरच केला होता. तिच्या डोक्यात चाळीस चोक एकशे साठ पक्कं नव्हतं, म्हणजे टनाला चार हजार धरले तरी बिल एक लाख साठ हजारांच्या आतच हे सुचलं नाही, म्हणून आकडा दहापट फुगलेला तिला खटकला नाही. निमकी-पाऊणकी, म्हणजे अर्ध्या-पाऊणचे पाढे, पुन्हा सुरू करा असं मी म्हणत नाही, ती आमच्या आज्जीबरोबर गेली. पण तीसपर्यंतचे पाढे, दहा-बारा कविता, जिल्ह्यातल्या नद्या एवढं तरी आत असावं लागतं. हे मशीन पुढचा शब्द कोणता येईल याच्या अंदाजावर वाक्य रचत जातं. चुकलं तरी त्याचा सूर तितकाच ठाम असतो. ते चुकलं हे कळायला आपल्याकडे आधीचं काहीतरी लागतं.

सहाव्या वर्षी कोडिंग. यावर फार लिहायला नको. ज्या कामात एआय आज सगळ्यात तरबेज आहे, तेच काम पहिलीतल्या पोराकडून घोटून घ्यायचं म्हणजे काय ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आणि वयाचंच म्हणाल तर वर्गात असली साधनं मुलांच्या हाती देताना किमान १३ वर्षांची अट असावी, असं युनेस्कोनं २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचवलंय.

खेळ-चित्रकला-गाण्याचा मुद्दा आणि शाहू महाराजांचा मुद्दा मी एकत्रच घेते, कारण हे दोन्ही एकाच मेसेजमध्ये बसवणाऱ्याला कोल्हापूर कधी दिसलेलं नाही. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणारे, पोरगं शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला रुपया दंड लावणारे ते हेच महाराज. त्याच महाराजांनी १९१२ साली कुस्तीसाठी खासबाग मैदान उभं केलं. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. (२०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं, त्या रात्री अर्धं गाव रस्त्यावर होतं.) गवई अल्लादिया खाँसाहेब त्यांच्या दरबारी, चित्रकार आबालाल रहमान त्यांच्याच आश्रयाला. आता सांगा, हा माणूस पोरांना ‘चित्रं काढत बसू नका’ म्हणाला असता?

चित्रकलेनं काय होतं, याचं उत्तरही याच गावात आहे. बाबूराव पेंटर, मूळचं आडनाव मेस्त्री, शाळा बेताचीच झालेली. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाच्या नादी लागले आणि १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा इथंच स्वतः बनवला. रंगाचा हात आणि यंत्राचा हात वेगवेगळे ठेवले असते तर तो कॅमेरा झाला नसता. माझ्याकडचंच बघाल तर भूमितीची आकृती एका नजरेत ओळखणारी पोरं बहुतेक वेळा चित्रं काढणारी असतात, नाहीतर पेठेतल्या फुटबॉल टीममध्ये पास देणारी. याला पुरावा म्हणू नका, माझी निरीक्षणं आहेत.

शिक्षक संपले, हा मुद्दा माझ्या पोटावरचा, म्हणून जरा जपून लिहिते. तुर्कस्तानातल्या एका हायस्कुलात जवळजवळ हजार मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना गणिताच्या सरावाला साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलं. सरावात ती मुलं ४८ टक्क्यांनी सरस ठरली. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ही १७ टक्क्यांनी मागे. तिसऱ्या गटाचं साधन वेगळं होतं. ते आयतं उत्तर न देता इशारे द्यायचं, आणि त्यात प्रत्येक गणिताचं उत्तर आणि मुलं कुठं कुठं चुकतात हे शिक्षकांनी आधी भरून ठेवलेलं. त्या गटाचं नुकसान जवळजवळ झालं नाही. म्हणजे मशीननं नीट शिकवावं म्हणून त्याच्या मागं शिक्षकच उभा करावा लागला. पगार कुणाला मिळाला ते विचारू नका.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘प्रश्न विचारायला शिकवा’. हा मला निम्मा पटतो. फक्त प्रश्न कुठून येतात, ते मेसेज सांगत नाही.

सातवीतल्या एका मुलाला ‘माझे आजोबा’ निबंध दिला होता. दुसऱ्या दिवशी छापील पान घेऊन आला. त्यातले आजोबा पहाटे फिरायला जात, आरामखुर्चीत पेपर वाचत, नातवंडांना संस्कारक्षम गोष्टी सांगत. एकही शुद्धलेखनाची चूक नाही. त्याचे खरे आजोबा मला माहीत आहेत. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या गावात हयातभर गुऱ्हाळावर गुळव्या होते. रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी घालून मळी कधी काढायची आणि काहील (रस आटवायची मोठी कढई) चुलवाणावरून, म्हणजे भट्टीवरून, कधी उतरायची, हे ठरवणारा तो गुळव्या. थेंब पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी वळून बघायची, आणि क्षणभरात ‘उतरा’ म्हणायचं. जरा उशीर झाला की सगळी काहील वाया.

मी पोराला म्हटलं, हे आजोबांना वाचून दाखव. रविवारी गावी गेला, वाचलं. म्हातारा म्हणे ऐकून म्हणाला, “ह्यो कोन? माझ्याकडं आरामखुर्ची हाय व्हय?”

मग मी त्याला एकच विचारलं, आज्जाच्या डाव्या हातावर तो चट्टा कशाचा? त्याला माहीत नव्हतं. मोबाइलला माहीत असायचा प्रश्नच नाही. पुढच्या रविवारी स्वतः विचारून आला आणि दीड पान लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका, ‘काहील’ दोन तऱ्हेनं लिहिलेलं, आणि काहील उतरवताना हात भाजला असं शेवटी.

तेही त्याला आज्जाला वाचून दाखवायला लावलं. या वेळी म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. “चट्टा काहिलीचा न्हवं, चुलवाणाचा. आनि चूक माझी न्हवती, जाळ घालनाऱ्याची.”