'शंका घेऊ नका' म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तो एका काकांनी टाकला आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. काकांनी तो चांगल्या मनानेच टाकला असणार. त्याचा सारांश असा: स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटणं असा मानसिक आजार) घरातल्या वातावरणातून येतो. घरच्यांनी 'हा बरा होईल ना?' अशी शंका मनातसुद्धा आणली नाही, तर रुग्ण सहा महिन्यांत ठीक होतो. बरं वाटलं की गोळ्या बंद कराव्यात, नाहीतर जन्माची सवय लागते. मग लग्न करून द्यावं.

माझ्या धाकट्या भावाला हा आजार होऊन सोळा वर्षं झाली. रामबागेतल्या घरात तो, आई आणि मी असे तिघं राहतो. आईने मेसेज वाचला, चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "म्हणजे माझंच काही चुकलं का गं?" म्हणून हे लिहायला बसले.

आईचं काहीही चुकलेलं नाही. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषक बाईंनी 'हा आजार निर्माण करणारी आई' अशी कल्पना मांडली होती. पुढे कितीतरी वर्षं आयांनी तो ठपका सोसला, आणि नंतरच्या संशोधनात ती कल्पना टिकली नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण तीही सगळं ठरवत नाही. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला आजार झाला, तरी दुसऱ्याला निम्म्याहून अधिक वेळा तो होत नाही.

आता गोळ्या. इथे मला रागच येतो, कारण हा सल्ला आम्ही एकदा ऐकलेला आहे. भाऊ दीड वर्ष छान होता. चक्कीवरून दळण आणायचा, आईला देवळात न्यायचा. एका नातेवाइकांनी सुचवलं आणि आम्ही डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबवल्या. पहिले चार महिने काहीच झालं नाही. आम्हाला वाटलं, जिंकलो. पाचव्या महिन्यात एका पहाटे तो सरवटे बसस्टँडवर सापडला, अनवाणी. तिथून पुन्हा घरात जेवायला बसेपर्यंत वर्ष गेलं.

या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. त्रास मात्र होतो, तो नाकारू नये: वजन वाढतं, साखर वाढते, हातपाय आखडतात, झोप येत राहते. त्यासाठी डॉक्टर मात्रा कमी करतात, औषध बदलतात, रोजच्या गोळीऐवजी दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शनही असतं. २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. साधारण वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार उलटला, म्हणजे पुन्हा उसळला; औषध बंद करून नुसती खोटी, औषध नसलेली गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा.

हे आकडे मी आईला समजावले तेव्हा तिने बरोबर बोट ठेवलं: "म्हणजे गोळ्या वेळेवर देऊनही सत्तावीस आहेतच." हो, आहेतच. सगळं नीट करूनही पुढच्या वर्षी आपण त्या सत्तावीसमध्ये असू की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. काही जण खूप सावरतात, काहींना अधूनमधून झटके येतात, काहींचा आजार हटत नाही. मग घरच्यांना शंका येणारच. ती आमच्या श्रद्धेची कमतरता नाही, या आजाराचं रूपच तसं आहे. आमच्या मनातल्या शंकेने भावाला ऐकू येणारे आवाज वाढतात, याला काहीही आधार नाही.

शंका घालवता येत नाही, पण तिला काम देता येतं. माझ्याकडे दुधाच्या हिशेबाची वही आहे. तिच्या मागच्या पानांवर मी भावाच्या खुणा लिहिते. त्याची खूण पंखा आहे. आजार उसळायच्या आधी त्याला पंख्याच्या घरघरीतून बोलणं ऐकू येतं, म्हणून तो मे महिन्यातही रात्री पंखा बंद करतो. 'पंखा बंद, पहिली रात्र.' मी काही बोलत नाही. 'दुसरी रात्र, जेवण अर्धं.' सकाळी डॉक्टरांना फोन. गेल्या दोन वेळा एवढ्यावरच निभावलं. ज्या रात्री पानावर काही लिहायचं नसतं, त्या रात्री मी झोपते. पूर्वी रोज कडीच्या आवाजाकडे कान लावून पडायची. प्रत्येकाची खूण वेगळी असते. तुमच्या माणसाची शोधा. आणि पाच वर्षांनी काय होईल हे स्वतःला विचारणं आम्ही सोडलंय. शनिवारपर्यंतचं बघतो.

वातावरणाबद्दल मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, तेही सांगायला हवं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घरात सतत टीका, राग किंवा रुग्णाला श्वासही घेऊ न देणारी काळजी असेल, तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं. पण हे आजार झाल्यानंतरचं आहे, आजार होण्याचं कारण नव्हे. आणि अशा मेसेजमुळे नेमकी टीकाच वाढते! सहा महिने उलटले, फरक दिसला नाही, की माणूस रुग्णाला म्हणतो, "आम्ही एवढं करतो, तूच मनावर घेत नाहीस." मी हे भावाला म्हटलेलं आहे. तो पाठ फिरवून भिंतीकडे बघत राहिला.

लग्नाचं थोडक्यात. आमच्या शेजारच्या भाभीही प्रेमाने म्हणतात, "शादी करा दो, सब ठीक हो जाएगा." लग्न हा इलाज नाही. आजार लपवून केलेलं लग्न म्हणजे त्या मुलीची फसवणूक. हा आजार असलेली माणसं लग्न करतात, संसारही करतात, पण समोरच्याला सगळं सांगून, औषधं चालू ठेवून.

आईची खरी शंका वेगळीच आहे: "माझ्यानंतर काय?" तिला 'सकारात्मक राहा' हे उत्तर नाही. कागद हे थोडंफार उत्तर आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारांबाबत आपल्या बाजूने बोलणारा प्रतिनिधी रुग्णाला साध्या कागदावर सही करून नेमता येतो. भाऊ बरा असताना त्याने माझं नाव लिहून दिलं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मानसिक आजारासाठीही मिळतं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला तिथे नियमांनुसार फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळू शकते. त्याचे कागद आई आता स्वतः क्लिपमध्ये लावून ठेवते.

काका, तो मेसेज जिथे जिथे पाठवलात, तिथे हेही पाठवा. कोणी गोळ्या बंद करायच्या विचारात असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला म्हणावं. डॉक्टर हाताशी नसतील तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, घरच्यांनीही लावला तरी चालतो.