चार तासांचं झुंजुमुंजू: आर्क्टिकच्या छोट्या सहलींवरच्या ‘त्या’ मेसेजला उत्तर

गेल्या हिवाळ्यापासून एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो नातेवाइकांच्या, शाळेच्या आणि आईच्या सोसायटीच्या अशा तिन्ही ग्रुपांवरून आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा:

“आर्क्टिकमधल्या ‘स्मॉल ग्रुप सीनिक टूर’ला भुलू नका. तिथे हिवाळ्यात सहा महिने मिट्ट काळोख, देखावा दिसणार कुठून? थंडी उणे चाळीस, वयस्कर माणसांना नेणं म्हणजे जिवाशी खेळ. नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशातले ते हिरवे प्रकाश, ही कॅमेऱ्याची करामत, डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्या आठ जणांच्या गाडीला जे पैसे मोजता, त्याच्या निम्म्या पैशात भाड्याची गाडी घेऊन तेच रस्ते स्वतः फिराल. नाहीतर मोठ्या बसने जा. डोंगर तेच, समुद्र तोच.”

हा मेसेज वाचून माझ्या मावशीने उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या सहलीचं बुकिंग रद्द केलं. पाच वर्षं पैसे साठवून केलेलं बुकिंग होतं ते. मी नॉर्वेत राहते. ट्रोम्सोला हिवाळ्यात दोनदा गेले आहे, एकदा भाड्याची गाडी स्वतः चालवत आणि एकदा सांगलीहून आलेल्या आई-बाबांना घेऊन आठ जणांच्या गाडीतून. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते, आणि ते ट्रोम्सोपुरतंच देते. ‘आर्क्टिक’ म्हणून सगळं एकाच मापाने मोजलं की काय होतं, ते या मेसेजमध्येच दिसतं.

काळोखापासून सुरुवात करू, कारण मावशी घाबरली ती यालाच.

सहा महिन्यांची रात्र असते ती ध्रुवावर. ट्रोम्सो ध्रुवावर नाही. ते ६९.६ अंश उत्तरेला आहे, आर्क्टिक वृत्ताच्या साधारण ३५० किलोमीटर वर. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे सात आठवडे, सूर्य क्षितिजावर येत नाही. पण सूर्य न उगवणं वेगळं आणि उजेड नसणं वेगळं. २१ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, भर दुपारी ट्रोम्सोचा सूर्य क्षितिजाच्या फक्त तीन अंश खाली असतो. आपल्याकडे सूर्य मावळल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी तो जिथे असतो, साधारण तिथेच. त्या वेळी आपण अंगणात दिवा न लावता वावरतो, समोरच्याचा चेहरा नीट दिसतो.

फरक आहे तो वेळेचा. महाराष्ट्रात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे तिन्हीसांज वीस-पंचवीस मिनिटांत संपते आणि दिवेलागण होते. ट्रोम्सोत तो क्षितिजाला समांतर, तिरका सरकत जातो. म्हणून तोच संधिप्रकाश तिथे सर्वांत लहान दिवशीसुद्धा चार तासांहून जास्त टिकतो. सकाळी साडेनऊला फटफटतं ते दोन वाजेपर्यंत. आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो. ट्रोम्सोशेजारच्या क्वालोया बेटावर एर्सफ्योर्ड या खाडीच्या टोकाशी गाडी थांबली तेव्हा साडेदहा वाजले होते. पाण्यावर निळी छटा, दोन्ही बाजूंच्या सुळक्यांच्या माथ्यावर गुलाबी, आणि दक्षिणेला क्षितिजालगत केशरी पट्टा. आई खाली उतरली, चार पावलं चालली आणि म्हणाली, “अगं, हा काळोख कुठला? हे तर झुंजुमुंजू आहे.” दीड तासाने पुन्हा उतरलो तरी झुंजुमुंजूच होतं. मग कधीतरी, मध्ये दिवस न येताच, त्याचीच संध्याकाळ झाली.

ऋग्वेदातल्या उषेच्या सूक्तांमधली रेंगाळणारी पहाट ध्रुवप्रदेशातली असली पाहिजे, असं लोकमान्य टिळकांनी १९०३ साली मांडलं होतं. आर्यांच्या मूलस्थानाचा त्यांचा तो सिद्धांत आज अभ्यासक मानत नाहीत. पण इतक्या उत्तरेला पहाट रेंगाळते ही गोष्ट खरी आहे, आणि ती पुण्यात बसून ओळखणाऱ्या माणसाची बाबांना त्या दिवशी फार आठवण आली.

आता मेसेज कुठे खरा ठरतो तेही सांगते. नॉर्वेच्याच, पण खूप उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगयिअरब्यूएन हे गाव ७८ अंशांवर आहे. डिसेंबरात तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या अकरा-बारा अंश खाली असतो, म्हणजे व्यवहारात रात्रच. त्याच्याही वर, नी-ओलेसुंदला भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतून चालतो. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांची पहिली हिवाळी मोहीम तिथे गेली ती खऱ्या ध्रुवीय रात्रीत. डिसेंबरात स्वालबार्डला कोणी ‘निसर्गदृश्यांची सहल’ विकत असेल तर मीही नको म्हणेन. पण स्वालबार्डचा काळोख ट्रोम्सोच्या माथी मारणं म्हणजे लडाखच्या थंडीवरून कोल्हापूरला जाऊ नका म्हणण्यासारखं आहे.

आणि ज्यांना सूर्य हवाच आहे त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं. आजूबाजूच्या डोंगरांमुळे ट्रोम्सो गावात सूर्य परत दिसतो तो २१ जानेवारीच्या सुमारास. त्या दिवशी गावात ‘सूलबोल्ले’ नावाचे गोड तळलेले गोळे खातात, बेकऱ्यांबाहेर रांगा लागतात. मार्चमध्ये तर दिवस आपल्याइतकाच मोठा असतो आणि बर्फही भरपूर.

थंडीचा मुद्दा लवकर संपतो. उणे चाळीस हा आकडा नॉर्वेत खोटा नाही. कारासोक या आतल्या भागातल्या गावात १ जानेवारी १८८६ ला उणे ५१.४ अंश नोंदले गेले आणि तो आजही देशाचा विक्रम आहे. पण ट्रोम्सो समुद्रात आहे, बेटावर. अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह तिथल्या किनाऱ्याने जातो, म्हणून बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. जानेवारीचं सरासरी तापमान उणे तीन-चार अंश. शहरात आजवर नोंदलेली सर्वांत कडक थंडी उणे १८ च्या आसपासची. लेहमध्ये जानेवारीच्या कितीतरी रात्री ट्रोम्सोपेक्षा थंड असतात.

वयस्कर माणसांना तिथे खरा धोका थंडीचा नाही, घसरण्याचा आहे. तापमान शून्याच्या वरखाली होत राहतं, बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि रस्त्यावर काच पसरल्यासारखा थर होतो. त्यावर उपाय म्हणजे बुटांना खालून लावायचे खिळ्यांचे पट्टे. तिथले लोक त्यांना ‘ब्रॉडर’ म्हणतात आणि सत्तरीच्या आजीबाई ते लावून रोज बाजारात जातात. आमच्या वाटाड्याने बाबांच्या बुटांना ते स्वतः वाकून चढवले, आणि दर वेळी उतरताना हात दिला. आठ माणसं असली की एवढं लक्ष देता येतं. अंगावर घालायचे जाड थर्मल सूट गाडीतच होते. मेसेज लिहिणाऱ्याने उणे चाळीसऐवजी ‘ब्रॉडर घ्या’ एवढं लिहिलं असतं तर लोकांचं भलं झालं असतं.

नॉर्दर्न लाइट्सचा दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. त्यामुळे प्रकाश फिका असेल तर तो राखाडी ढगासारखा दिसतो, आणि कॅमेरा काही सेकंद उघडा राहिल्याने फोटोत तोच हिरवागार येतो. इथवर बरोबर. पण प्रकाश जोरात आला की हिरवा रंग साध्या डोळ्यांना स्वच्छ दिसतो. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा तो रंग. फार जोर असेल तर खालच्या कडेला नायट्रोजनचा गुलाबी काठही दिसतो, आणि सगळा पडदा हलतो. ते हलणं फोटोत येत नाही. कॅमेरा एका बाबतीत जास्त दाखवतो आणि दुसऱ्या बाबतीत कमी. आणि मुळात दिवसाच्या सहलीत नॉर्दर्न लाइट्सचं आश्वासन नसतंच. ती रात्रीची वेगळी सहल, आणि ढग असतील तर तीही रिकामी जाते. दोन्हींची सरमिसळ करून एकीच्या उणिवेवरून दुसरीला खोटं ठरवणं बरोबर नाही.

भाड्याच्या गाडीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण मी ते केलं आहे.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी, मी आणि माझ्या मैत्रिणीने, गाडी घेतली. टायरांना खिळे होते, विमा होता, मला नॉर्वेत गाडी चालवायची सवय होती. त्या दिवशी मी काय पाहिलं? रस्त्याची पांढरी कड, समोरच्या गाडीचे दिवे आणि बर्फात उभ्या केलेल्या खुणेच्या काठ्या. मैत्रीण “ते बघ, ते बघ” म्हणत होती आणि मी मान वळवू शकत नव्हते. क्वालोयावर रेनडिअर मोकळे चरतात आणि रस्त्यावरून चालणं सोपं म्हणून रस्त्यावरच येतात. संधिप्रकाशात ती करडी जनावरं पन्नास पावलांवर येईपर्यंत दिसत नाहीत. ती कुणा ना कुणा सामी कुटुंबाची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, असतात. धडक बसली तर पोलिसांना कळवावंच लागतं.

मग थांबायचं कुठे, हा प्रश्न. अरुंद रस्त्यांवर थोड्या थोड्या अंतरावर निळ्या पाटीवर ‘एम’ लिहिलेली जागा असते. ती समोरून येणाऱ्याला वाट द्यायला. फोटो काढायला पर्यटक तिथेच गाडी लावतात, आणि मग दूधवाला ट्रक, शाळेची बस, रुग्णवाहिका, सगळे अडतात. मीही कडेला घेतली. कडेला जमीन आहे असं वाटलं, तो नुसता भुसभुशीत बर्फ होता. उजवी चाकं चरात गेली. गावातल्या एका काकांनी ट्रॅक्टर आणून ओढून काढली, पैसे घेतले नाहीत. विम्यात आपल्या वाट्याला येणारी रक्कम भरली तेव्हा ‘निम्म्या पैशात’ या शब्दांचा अर्थ कळला. हे नॉर्वेत राहणाऱ्या माणसाचं झालं. सांगली-कोल्हापूरहून थेट आलेला, डाव्या बाजूने चालवायची सवय असलेला, कधीही बर्फावर गाडी न चालवलेला माणूस त्या रस्त्यावर उतरावा असा सल्ला कुणी शेकडो लोकांना देत असेल तर मला राग येतो.

जूनमध्ये गोष्ट वेगळी. मध्यरात्रीचा सूर्य, कोरडे रस्ते, चार-पाच जणांचं कुटुंब आणि सवयीचा चालक असेल तर खुशाल गाडी घ्या. तेव्हा ती खरंच स्वस्त पडते.

राहिली मोठी बस. डोंगर तेच, समुद्र तोच, हे मान्य. पण पन्नास माणसं बसमधून उतरायची तर प्रत्येकी अर्धं मिनिट धरलं तरी पंचवीस मिनिटं. चढायला तेवढीच. चार-साडेचार तासांच्या उजेडात असे थांबे किती होणार? म्हणून मोठी बस दोन-तीन ठरलेल्या जागी थांबते, जिथे ती वळवता येते. आमची गाडी त्या दिवशी नऊ वेळा थांबली. त्यातले निम्मे थांबे ठरलेले नव्हतेच. काटफ्योर्डच्या वाटेवर रेनडिअरचा कळप दिसला, वाटाड्याने सुरक्षित जागी गाडी घेऊन इंजिन बंद केलं आणि सगळे गप्प बसलो. त्यांच्या पायांचा टकटक आवाज ऐकू येत होता. पश्चिमेला ढग भरून आल्यावर त्याने आधी सोमारोयला जायचं आणि एर्सफ्योर्डला परतताना पुन्हा थांबायचं ठरवलं. आठ जणांना विचारून दोन मिनिटांत.

सोमारोयचा विषय निघालाच आहे तर, या छोट्या बेटाबद्दल २०१९ मध्ये जगभर बातमी फिरली होती की तिथले लोक घड्याळं टाकून ‘वेळमुक्त’ होणार आहेत. नंतर उघड झालं की ती पर्यटन वाढवण्यासाठी केलेली जाहिरात होती, आणि करणाऱ्यांना माफी मागावी लागली. या भागाबद्दल गोड खोटं जसं फिरतं तसं कडूही फिरतं, दोन्ही सारख्याच वेगाने.

पैशांचं म्हणाल तर छोटी गाडी महाग आहे. दिवसाला माणशी साधारण दीड हजार क्रोनर आम्ही दिले. ते पैसे खिडकीजवळच्या खुर्चीचे नाहीत, थांबता येण्याचे आहेत. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी गावातच राहून केबल कारने ४२१ मीटरवर जावं, तिथून अख्खं बेट, पूल आणि पलीकडचे डोंगर दिसतात. ज्यांना परवडतं त्यांनी पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्या. गाडीत नक्की किती माणसं, कारण ‘छोटा गट’ म्हणून वीस जणही भरतात. प्रवासी नेण्याचा परवाना आहे का, कारण विनापरवाना गाड्याही असतात. थर्मल सूट आणि ब्रॉडर देणार का. आणि वादळाने रस्ता बंद झाला तर पैसे परत की दुसरी तारीख. शाकाहारी सूप आधी सांगितलं की मिळतं, त्याची काळजी नको.

मावशीचं डिसेंबरचं बुकिंग गेलं ते गेलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या तारखा मी काल तिला पाठवल्या आहेत, आणि आईने तिच्यासाठी स्वतःचे ब्रॉडर काढून ठेवले आहेत.