पोळ्याला बैलाला ‘कसलाच त्रास नाही’?

पोया, म्हणजे पोळा, जवळ आला की खान्देशातल्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘वर्षभर राबणाऱ्या बैलाला एक दिवस पोटभर गोडधोड. शिंगं नखांसारखी, साळली (तासली) तरी दुखत नाहीत. वर जुने नैसर्गिक रंग. मग हाल कसले?’

सणाशी भांडण नाही. आदल्या दिवशीची खांदेमळणी, म्हणजे बैलाचे खांदे चोळणं, तर जुवानं घासलेल्या खांद्याला हवीच असते. चूक आहे ती या तीन विधानांत.

आधी गोडधोड. एका घरचा मांडा (मोठी पातळ पुरणपोळी) बैलाला बाधत नाही, मिरवणुकीतल्या पंधरा-वीस दारांचे मिळून बाधतात. जो तो एकच घास देतो आणि बेरीज कोणीच करत नाही. बैलाचं पोट कडब्यावर चालणारं. त्यात एकदम कणीक, पुरण आणि गूळ पडला की पोटातले जंतू भराभर आम्ल तयार करतात. एरवी साडेसहाच्या आसपास असणारा पोटातला सामू (pH) साडेपाचाखाली घसरतो. बैल रवंथ करायचा थांबतो, डावी कूस फुगते, आंबट वासाचं पातळ शेण पडतं आणि दुसऱ्या दिवशी तो बसला की उठत नाही. अशा वेळी नळकांड्यानं तेल पाजू नका. ठसका लागून ते फुप्फुसात उतरतं. दाणा बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा. त्याहून सोपं म्हणजे मिरवणुकीआधी कडबा भरपूर घाला, मांडा घरचा एकच द्या, बाकी दारांत नुसतं ओवाळून घ्या.

शिंगाचं टरफल नखासारखं असतं, हे खरं. पण नखाच्या आत हाड नसतं. शिंगात असतं, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंसकट. मोठ्या बैलात ते पोकळ होऊन कपाळातल्या पोकळीला जोडलेलं असतं. खिल्लार जातीच्या बैलाची लांब शिंगं तकतकीत दिसावीत म्हणून दरवर्षी साळत गेलं की टरफल पातळ होतं. शिंगाच्या कर्करोगामागच्या कारणांत ही साळणीही धरली जाते. त्यात बैल सारखं डोकं झटकतो, एकाच नाकपुडीतून रक्त येतं, शिंग कलतं.

आणि ‘नैसर्गिक’ रंग! खरा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, खरा हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. बैल एकमेकांना चाटतात, त्यामुळे शिंगावरचं शिसं पोटात जातं. मग आंधळेपणा, दात खाणं, भिंतीला डोकं टेकून उभं राहणं. ऑइलपेंट हा काही त्याला उपाय नाही, पुढच्या वर्षी तो खरवडताना पुन्हा टरफलच जातं. गेरू पाण्यात कालवून लावा. पहिल्या पावसात धुऊन जाईल, तेवढं चालतं.