मुलगी आहे, वाढेल की!

आज ओपीडीत शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "तुमची कितवीत?" म्हटलं, सातवीत. त्यांची नववीत. दोघी पोरी उंचीला सारख्या! चौदा पूर्ण झाली तरी पाळी आली नाही म्हणून त्यांनी तिला आणलं होतं. उंचीसाठी नव्हे. उंचीबद्दल सगळ्यांनी सांगितलं होतं, "मुलगी आहे, वाढेल की. आई तरी कुठे उंच आहे?"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. चार वर्षं मीही हेच ऐकलं.

लेक पहिलीत असताना घेतलेला पिनाफोर तिसरी संपेपर्यंत तिला नीट बसत होता. मी कौतुकानं सांगत सुटायचे, बघा किती जपून वापरते! कुणालाच काही खटकलं नाही. मलाही नाही. ज्या डॉक्टरांकडे नेमानं जायचो त्यांनी एकदाही तिला भिंतीशी उभं करून उंची मोजली नाही, तक्त्यावर टिंब मांडलं नाही. जन्मली तेव्हा पावलं सुजलेली होती, पुढे कान सारखे वाहायचे. हे सगळं टर्नर सिंड्रोमचं होतं, हे नवव्या वर्षी कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडल्यावर कळलं. दोनपैकी एक एक्स गुणसूत्र नाही किंवा अर्धवट. दर दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला असतं हे.

मुलगा असता ना, तर पाचव्या वर्षीच अख्खं घर दवाखान्याच्या दारात उभं राहिलं असतं. खरं सांगा, राहिलं नसतं?

उंचीसाठीची ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं चार ते सहा वर्षांच्या वयापासूनच सुरू करता येतात. उपचार नसेल तर या मुलींची उंची सरासरी २० सेंमीनं कमी राहते. पुढे अकरा-बाराच्या सुमारास अगदी कमी मात्रेत इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन देतात. त्यानं वयात येणं सुरू होतं, पण हळूहळू हाडांची वाढणारी टोकंही मिटत जातात आणि उंची थांबते. म्हणजे उंचीसाठी हाताशी असतात ती त्याच्या आधीची वर्षं. आणि आम्ही त्या वर्षांत पिनाफोरचं कौतुक करत बसलो.

हो, इंजेक्शनं महाग आहेत, रोज टोचावी लागतात, आणि एवढं करून काही सेंटीमीटरच मिळतात. उंची म्हणजे सगळं नव्हे, हेही मान्य. पण निदान झालं म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली, आणि लेकीच्या हृदयाच्या एका झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत हे कळलं. ते "वाढेल की" म्हणणाऱ्यांना कुठून दिसणार होतं?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. रात्री जेवण झालं की ती स्वतःच फ्रीजमधून इंजेक्शनचं पेन काढून आणते. "आई, आज डावी मांडी." सुरुवातीला मीच डोळे मिटायचे, ती कधीच नाही.

या जूनला गणवेश आखूड झाला. शिंप्याकडे नेण्याआधी तो मांडीवर घेऊन मी बराच वेळ नुसती बसून होते.

त्या बाईंच्या मुलीला कॅरिओटाइप आणि बोन एजचा, म्हणजे हाडांचं वय बघायचा, एक्स-रे लिहून दिलाय. हाडं मिटली नसतील तर अजून थोडा वाव आहे. मी त्यांना माझा नंबर दिला. म्हटलं, रिपोर्ट आला की रात्री-अपरात्री कधीही फोन करा, पण एकट्यानं वाचत बसू नका.