प्लगच्या पुढची वीज कुणाची?

ऑफिसमध्ये सीपीयूच्या मागच्या पत्र्याला हात लागला आणि झिणझिण्या आल्या, की शेजारचा हमखास म्हणतो, "माझ्यालापण येतो करंट, जरा जपून." आणि दोघं पुन्हा कामाला लागतात. मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. छोटी ऑफिसं, क्लासेस, पतसंस्था यांची कामं करतो. हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता त्याचा राग येतो.

त्या झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नसल्याची खूण आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. अर्थिंग नीट असेल तर त्यातून गळणारा जरासा करंट निमूट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा 115 व्होल्टच्या आसपास राहतो. त्या करंटनं सहसा कुणी मरत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण ज्या दिवशी आतलं इन्सुलेशन जाऊन फेज थेट पत्र्याला टेकेल, त्या दिवशी तोच पत्रा 230 व्होल्टवर असेल. करंटला परतीची वाटच नसल्यामुळे एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच, तोही पडणार नाही. एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही, हे कितीदा सांगायचं?

मालकांना हे सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं : "आमची काय फॅक्टरी आहे का?" कारखाने अधिनियम तुम्हाला लागू नाही, मान्य. पण विजेच्या सुरक्षेचे नियम कारखान्यापुरते नाहीत. विद्युत कायदा 2003 खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 मध्ये सुरक्षेचे नियम काढले, आता त्यांच्या जागी 2023 चे आलेत. 2010 च्याच नियमांत वीज तयार करण्यापासून ती वापरण्यापर्यंतची सगळी यंत्रणा धरलेली होती, उपकरणांसकट. ती माणसं, जनावरं आणि मालमत्ता सुरक्षित राहतील अशी बसवायची आणि सांभाळायची, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे तुमचा प्रिंटर, किटली आणि टेबलाखालचा एक्स्टेंशन बोर्डसुद्धा त्यात आला. प्रत्यक्षात मात्र वायरिंगचं काम संपलं की प्लगच्या पुढे कुणी बघत नाही. जागामालक म्हणतो आतलं सामान तुमचं, भाडेकरू म्हणतो फिटिंग त्याचं.

एक्स्टेंशन बोर्डाचं तर विचारूच नका. गेल्या महिन्यात एका ऑफिसात पँट्रीतला बोर्ड उचलला तर खालचं प्लास्टिक पिवळं पडून फुगलेलं होतं. 1500 वॅटची किटली आणि मायक्रोवेव्ह, दोन्ही त्याच्यावर. नुसती किटलीच साडेसहा अँपिअर घेते आणि बोर्ड होता 6 अँपिअरचा, बारीक वायरचा. तो लावला होता 16 अँपिअरच्या सॉकेटला. त्यामुळे वायर तापत राहते आणि मागचा एमसीबी ढिम्म हलत नाही, कारण त्याच्या हिशेबानं सगळं ठीक चाललेलं असतं. पुढे आग लागली की बातमीत "शॉर्टसर्किट" लिहून मोकळे. टेबलाखाली वर्षभर कोण बोर्ड तापवत होतं, हे विचारत कुणी नाही.

नियमांवरही माझा एक आक्षेप आहे. 2010 च्या नियमांनी लीकेज झाल्यावर, म्हणजे करंट वाट सोडून जमिनीकडे गळायला लागल्यावर, ट्रिप होण्याची मर्यादा घरांसाठी 30 मिलिअँपिअर ठेवली आणि बाकी सगळ्यांसाठी 100. माणूस वाचवायचा तर 30 च लागतो, 100 चा उपयोग मुख्यतः आग टाळायला. घरातला माणूस ऑफिसात गेला की त्याचं हृदय काय जास्त सोसतं? चाळीस कॉम्प्युटर एकाच 30 च्या आरसीसीबीवर (लीकेज ओळखून पडणाऱ्या स्विचवर) टाकले तर प्रत्येकाचं थोडंथोडं लीकेज मिळून तो उगाच पडतो, हे खरं. मग कुणीतरी वैतागून त्याला बायपास करून टाकतं. त्यापेक्षा मेनला 100 ठेवा आणि टेबलांच्या सर्किटांना वेगवेगळे 30 चे बसवा. खर्च थोडा वाढतो, पण रंगरंगोटी आणि फॉल्स सीलिंगपुढे तो काहीच नाही.

या सगळ्यात सगळ्यात आधी धोका असतो तो सफाईच्या मावशींना. ओला पोछा घेऊन टेबलाखाली त्याच वाकतात, जिथे सगळ्या वायरींचा गुंता पडलेला असतो. त्यांना कुणी सांगत नाही की मेन स्विच पाडला तरी यूपीएसवरचे सॉकेट जिवंत असतात.

तुमच्या ऑफिसात झिणझिण्या येत असतील तर तोंडी सांगू नका, ॲडमिनला मेल टाका, तारखेसकट. परवानाधारक माणसाकडून प्रत्येक सॉकेट मीटरनं तपासून घ्या : फेज ते अर्थ साधारण 230 यायला हवेत, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरी पिन कापलेले प्लग त्याच दिवशी बदला. ती पिन लांब असते, कारण फेज जोडली जाण्याआधी अर्थ जोडला जावा. आणि किटली, हीटर, मायक्रोवेव्ह यांना भिंतीतलं स्वतंत्र 16 अँपिअरचं सॉकेट द्या, एक्स्टेंशनवर अजिबात नको.