संस्कृती राखायचीय? आधी सूट शिवा

मे महिन्यात गोव्यात फोंड्याला एका लग्नात, जेवणाच्या रांगेत, मला गुरू भेटले. नात्यातले दूरचे काका. अंगात थ्री-पीस सूट, गळ्यात टाय, कॉलरच्या कडेने घाम निथळतोय. माझ्या एकोणीस वर्षांच्या भाच्याच्या कानातली बाळी त्यांनी चिमटीत धरली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चलो मरे तूं? मागीर हें कानांत कितें?" म्हणजे, मुलगा ना तू? मग हे कानात काय? रांग हसली. पोरगं ताट ठेवून बाहेर गेलं.

तेव्हापासून मी काकांचा शिष्य. तुम्हालाही संस्कृती राखायची असेल तर एवढं करा.

सूट शिवा. मे महिन्यातच घाला.

भिंतीवर पेशव्यांचं चित्र लावा, फक्त त्यांच्या कानाकडे बघू नका.

पेडण्यात दशावतार असेल तर रात्रभर बसा. साडी नेसलेल्या पुरुषाने मुरका मारला की पहाटे तीनला टाळी द्या. मंगेशीत जन्मलेले मास्टर दीनानाथ स्त्रीभूमिकांत गाजले हे सांगताना ऊर भरून येऊ द्या. मग घरी या आणि पोराला केस कापायला पिटाळा.

आता मुख्य धडा. 'आपला पारंपरिक पोशाख' असं येता-जाता म्हणायचं, पण तो कुठला हे सांगायचं नाही. सांगायला गेलात की फसलात. आपल्या कुणबी बाया लाल चौकड्यांची आखूड साडी नेसायच्या, खांद्यावर गाठ, पोलकं नाही, आणि तशाच शेतात चिखल तुडवायच्या. देवळाच्या दारात 'तोकड्या कपड्यांत प्रवेश नाही' असा फलक लावलाय ना, तो पहिलं त्यांनाच अडवेल! लोकोत्सवात तीच साडी नाचताना दिसली की मात्र तुम्ही मोबाईल काढता. नऊवारीचा कासोटा तरी धोतराहून कितीसा वेगळा? 1736 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, गोव्यातल्या बाटलेल्यांना धोतर आणि चोळी घालायची बंदी केली, ती आपल्याला जुलूम वाटते. मग तुम्ही वेगळं काय करता? दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात नाडर जातीच्या बायकांना छाती झाकायचा हक्क मिळायला 1859 उजाडलं. तिथे झाकलं तर गुन्हा, इथे उघडं राहिलं तर. पॅरिसात बायकांना पँट घालायची तर पोलिसांचा परवाना काढा असा हुकूम 1800 मध्ये निघाला, तो रद्दबातल आहे हे अधिकृतपणे सांगायला 2013 यावं लागलं. सगळीकडे कपडे दुसऱ्याचे आणि पोटदुखी तुमच्यासारख्यांची!

पुढचे धडे मरू देत.

काका, कान टोचणं हा सोळा संस्कारांतला एक. मुलग्यांचासुद्धा. ती बाळी त्याच्या आजोबांची होती. तुम्ही त्यांच्या मांडीवर खेळलात, तेव्हा ती त्यांच्या कानातच होती. विसरलात? की चारचौघांत पोराला खाली बघायला लावल्याशिवाय तुम्हाला जेवण गोड लागत नाही?

तो उपाशी घरी गेला. फोन करा त्याला. नंबर माझ्याकडून घ्या.