शिअर पिनच्या जागी ग्रेड ८ बोल्ट? नको रे बाबा!

पहिला बर्फ पडला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर स्नो ब्लोअरबद्दल, म्हणजे ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढून बाजूला उडवणाऱ्या मशीनबद्दल, एक मेसेज हमखास फिरायला लागतो. ग्रुप टोरंटोचा असो की मिनेसोटाचा, मजकूर तोच: "स्नो ब्लोअरचे कंपनीचे पार्ट म्हणजे निव्वळ लूट. शिअर पिन सारखी तुटते, तिच्या जागी ग्रेड ८ बोल्ट घाला, जन्मात तुटणार नाही. बेल्ट गाडीच्या पार्टच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळतो. मॉडेल नंबर शोधत बसू नका, ब्रँड आणि इंच सांगा. दर सीझनला खालून सगळीकडे डब्ल्यूडी-४० मारा. आणि पिन बदलताना इंजिन बंद करू नका, थंडीत परत चालू होत नाही. लिव्हर सोडली की पुरे." खाली हात जोडलेले दोन इमोजी.

यातलं 'लूट' अगदीच खोटं नाही, त्याकडे वळतोच. पण बाकीचा सल्ला ऐकाल तर पार्टवर वाचवलेले पैसे दामदुपटीने जातील.

आधी तो बोल्ट. टू-स्टेज मशीनमध्ये पुढचा ऑगर बर्फ ओढतो आणि मागचा इम्पेलर, म्हणजे पात्यांचा पंखा, तो बाहेर फेकतो. हा ऑगर, म्हणजे बर्फ ओढून घेणारा तो मोठा स्क्रू, शाफ्टवर सैल बसवलेला असतो. त्याला शाफ्टबरोबर फिरवते ती फक्त शिअर पिन. शाफ्टच्या मध्यभागी गिअरबॉक्स, आत वर्म गिअर, त्याचं चाक बऱ्याचदा ब्राँझचं. पालिकेचा प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ सारणारी गाडी, ड्राइव्हवेच्या तोंडाशी गोठलेल्या बर्फाचा जो बांध घालून जातो, त्यात दगड, विटेचा तुकडा, प्लॅस्टिकच्या पिशवीतला गोठलेला पेपर, काहीही सापडतं. ते ऑगरमध्ये अडकलं की काहीतरी तुटणारच. काय तुटावं हे कंपनीने आधीच ठरवलेलं असतं: काही डॉलरची पिन. ग्रेड ८ घातलात की तो मान शेकडो डॉलरच्या गिअरबॉक्सकडे जातो. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे आपल्याकडे पूर्वी घरोघरी होते, हा सल्ला त्याच जातीचा.

आकडेच हवेत तर घ्या. ग्रेड २ बोल्टची ताणशक्ती साधारण ७४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), ग्रेड ५ची १,२०,००० आणि ग्रेड ८ची १,५०,०००. बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा असतील तर तो ५, सहा असतील तर ८. सेकंडहँड मशीन घेताना ऑगरवर सहा रेघांचं डोकं दिसलं तर आधी गिअरबॉक्स नीट तपासा, किंमत नंतर बोला. "मग मऊ ग्रेड २ घालू का?" हा पुढचा प्रश्न. तोही नको. बऱ्याच पिनांच्या दांड्यावर मुद्दाम खाच पाडलेली असते, ती ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या जोराला तुटावी म्हणून. साध्या बोल्टला ती खाच नसते, आणि आटे नेमके शाफ्टच्या भोकात आले तर तुटलेला तुकडा आतच अडकतो. मग बर्फात गुडघ्यावर बसून पंच आणि हातोडा.

यावर एक युक्तिवाद नेहमी येतो: टोरो कंपनीच्या पॉवर मॅक्स मशीनांना पिनच नसते, मग आपल्याला कशाला? बरोबर आहे, नसते. कारण तिथले गिअर कडक केलेले असतात आणि तो गिअरबॉक्स धक्का सोसायलाच बनवलेला असतो. तुमचा तसा नाही.

पिन कंपनीची, तरीही गिअरबॉक्स फुटला, असंही होतं, आणि त्याचं कारण त्या मेसेजमध्ये औषधालाही नाही. ऑगर शाफ्टवर गंजून चिकटतो. मग पिन तुटली काय अन् राहिली काय, ऑगर शाफ्टबरोबरच फिरणार. तपासायला कष्ट नाहीत. इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली, मग पिना काढा आणि ऑगर हाताने फिरवा. शाफ्ट जागेवर राहून ऑगर सुळकन फिरला तर ठीक. नाही फिरला तर ग्रीस गन शाफ्टवरच्या निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला लावा, थोडं ग्रीस भरा, ऑगर मागेपुढे हलवा, पुन्हा भरा. टोकाकडून तांबूस, गंजमिश्रित ग्रीस बाहेर यायला लागतं. स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत भरत राहा, मग नव्या पिना घाला. दर सीझनच्या शेवटी हे केलं तर पिन आपलं काम करते.

बेल्टचं प्रकरण जास्त फसवं, कारण गाडीच्या दुकानातला बेल्ट बसतो, चालतो, आणि माणूस खूश होतो. पण गाडीचा व्ही-बेल्ट कायम ताणलेला राहून घट्ट पकडण्यासाठी असतो. स्नो ब्लोअरचा बेल्ट म्हणजे इथला क्लच. लिव्हर दाबली की आयडलर पुली त्याला ताणते, सोडली की त्याने पुलीवर सैल पडून घसरायला हवं. म्हणून त्याच्यावर कापडाचं वेष्टण असतं आणि आत बऱ्याचदा केवलारचे दोरे. चुकीचा बेल्ट पुली सोडत नाही आणि ऑगर फिरतच राहतो. लिव्हर सोडल्यावर ऑगर पाच सेकंदांच्या आत थांबला पाहिजे असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. नवा बेल्ट कुठलाही असो, एकदा मोजून बघा. जुना बेल्ट दुकानात नेऊन त्यावरून माप घेऊ नका, तो ताणलेला आणि झिजलेला असतो.

"ब्रँड आणि इंच सांगा" हे तर दुकानदारालाही पटणार नाही. एमटीडी कंपनीने एकाच घरातली मशीनं ट्रॉय-बिल्ट, कब कॅडेट, यार्ड मशीन्स अशा निरनिराळ्या नावांनी विकली. दोन मशीनं २४ इंची, म्हणजे तेवढ्या रुंदीचा पट्टा साफ करणारी असली, तरी वर्ष बदललं की पिनची जाडी, केबलची लांबी, सगळं बदलू शकतं. फ्रेमवरच्या मॉडेल नंबरच्या पट्टीचा फोटो फोनमध्ये ठेवा. इंजिनचा नंबर वेगळा असतो, कार्बोरेटर हवा असेल तर तो लागतो.

आणि डब्ल्यूडी-४०, तो तेलकट फवारा? चाकांना गती देणाऱ्या फ्रिक्शन डिस्कवर एक फवारा गेला तर मशीन चढावर जागच्या जागी गुरगुरत राहील. ती रबराची कडी कोरडीच हवी, तिच्या घर्षणावरच चाकं फिरतात.

आता लुटीबद्दल. स्पार्क प्लग, ५डब्ल्यू-३० ऑइल, स्किड शू (मशीनचं तोंड जमिनीपासून वर धरणाऱ्या बाजूच्या पट्ट्या) यांसाठी कंपनीच्या डब्याचे जादा पैसे मीही देत नाही. स्किड शू तर बऱ्याचदा उलटवून दुसऱ्या बाजूनेही वापरता येतात. टेकमसे कंपनीचं जुनं इंजिन असेल, ज्यांचं उत्पादन २००८ च्या अखेरीस थांबलं, तर पर्यायी कार्बोरेटर घेणाऱ्याला कोण नावं ठेवणार? स्क्रेपर बार, म्हणजे तोंडाखालची जमीन खरवडणारी पट्टी, तोही दुसऱ्या कंपनीचा चालतो, भोकं जुळली म्हणजे झालं. फक्त तो झिजून हाउसिंगची कड जमिनीला घासायला लागण्याआधी बदला.

राहिला शेवटचा सल्ला, चालू इंजिनवर पिन बदलण्याचा. लिव्हर सोडली म्हणजे ऑगर सुटला, हा भरवसा त्याच बेल्टवर असतो जो मेसेजने आत्ताच गाडीच्या दुकानातून आणायला सांगितला! इंजिन बंद करा, किल्ली काढा, सगळं थांबू द्या, प्लगची वायर काढा, मगच हात आत. चुटमध्ये, म्हणजे बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळीत, बर्फ अडकला तर मशीनसोबत आलेली प्लॅस्टिकची काठी वापरा, हातमोजा घातलेला हात नव्हे. इम्पेलर बर्फाने अडलेला असताना बेल्टमध्ये ताण उरलेला असू शकतो आणि अडथळा निघाला की पातं झटका मारतं, इंजिन बंद असलं तरी. थंडीत इंजिन परत चालू होत नसेल तर दुखणं प्लगमध्ये, जुन्या पेट्रोलमध्ये किंवा कार्बोरेटरमध्ये आहे, आणि ते सप्टेंबरमध्येच बघायला हवं होतं.